जुना पिकअप आणि घरगुती हायड्रोजन संच: वाद कुठवर आला आहे

जून 2008 मध्ये अमेरिकेत पेट्रोलचा सरासरी भाव गॅलनला चार डॉलरच्या पुढे गेला आणि सगळ्यात मोठा फटका बसला तो जुन्या पिकअपच्या मालकांना. सुतार, प्लंबर, शेतकरी, छोटे ठेकेदार अशी ही माणसं. पाच लिटरचं व्ही-8 इंजिन असलेला विसेक वर्षांचा फोर्ड एफ-150 विकावा तर हातात फार काही पडत नाही, नवा घ्यावा तर परवडत नाही, आणि चालवावा तर गॅलनला पंधरा मैलांच्या वर ॲव्हरेज मिळत नाही. अशा वेळी इंजिनाच्या कप्प्यात पाण्याची एक बरणी बसवायची, बॅटरीच्या विजेने पाण्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळा करायचा आणि तो वायू एअर फिल्टरनंतरच्या नळीत सोडायचा, ही कल्पना झपाट्याने पसरली. स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या, थोडा कॉस्टिक, रबरी नळी, रिले आणि फ्यूज एवढ्या सामानात संच उभा राहत होता, आणि वीस-तीस टक्के इंधन वाचतं, कधी त्याहूनही जास्त, असं सांगितलं जात होतं. तेव्हापासून हा वाद थांबलेला नाही. इंधन महागलं की तो पुन्हा वर येतो. दोन्ही बाजूंकडे काही खरे मुद्दे आहेत, पण ते एकाच प्रश्नाला धरून मांडले जात नाहीत. हायड्रोजनमुळे इंजिनातलं ज्वलन सुधारतं का, हा एक प्रश्न. गाडीवरच, गाडीच्याच विजेवर, बरणीभर पाण्यातून निघणाऱ्या हायड्रोजनने इंधन वाचतं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर होकारार्थी आहे आणि तेच उत्तर दुसऱ्यालाही लावलं जातं. बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

मागची वाट

विजेने पाणी फोडण्याचा प्रयोग निकोल्सन आणि कार्लाइल यांनी 1800 साली इंग्लंडमध्ये केला. किती विजेतून किती वायू निघेल याचे नियम मायकेल फॅरडेने 1834 मध्ये मांडले आणि आजच्या कुठल्याही संचाला ते तसेच लागू आहेत. हायड्रोजनवर चालणारं पहिलं इंजिन फ्रांस्वा इझाक द रिव्हाझ याने 1807 च्या सुमारास बनवलं, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या कितीतरी आधी. हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे न करता एकत्रच वापरायचे, या मिश्रणाला आज एचएचओ किंवा ‘ब्राउन्स गॅस’ म्हणतात. बल्गेरियात जन्मलेल्या आणि ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या युल ब्राउनचं नाव त्याला मिळालं. 1977 साली त्याला मिळालेलं अमेरिकी पेटंट मात्र वेल्डिंगचं होतं, आणि त्या कामासाठी हा वायू खरोखर उपयोगी आहे. गाडीच्या इंधनाशी त्याची सांगड नंतर घातली गेली. ओहायोतल्या स्टॅन्ली मेयरचं प्रकरण याच वाटेवरचं, पण ते वेगळं ठेवायला हवं. त्याचा दावा निव्वळ पाण्यावर गाडी चालवण्याचा होता आणि 1996 मध्ये तिथल्या न्यायालयाने ती फसवणूक ठरवली. पूरक हायड्रोजनचा दावा तितका टोकाचा नाही. मेयरचं नाव घेऊन तो निकालात काढणं न्याय्य नाही.

याच काळात गंभीर संशोधनही चालू होतं. 1973 च्या तेलसंकटानंतर जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत आणि नासाच्या क्लीव्हलँड इथल्या लुईस संशोधन केंद्रात पेट्रोलमध्ये हायड्रोजन मिसळून इंजिनं चालवून पाहिली गेली. लुईस केंद्राचा 1977 चा अहवाल संचांच्या समर्थनार्थ आजही पुढे केला जातो. त्यातला निष्कर्ष खरा आहे: हायड्रोजन मिसळला की ज्वाला वेगाने पसरते, इंजिन नेहमीपेक्षा बरंच ‘लीन’, म्हणजे कमी इंधन आणि जास्त हवा अशा मिश्रणावर, न अडखळता चालतं आणि तशा मिश्रणावर प्रदूषकं कमी होतात. पण तिथला हायड्रोजन एकतर सिलिंडरमधून आणलेला होता किंवा मिथेनॉलपासून रिफॉर्मरमध्ये तयार केलेला. इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरवर पाणी फोडून तो काढलेला नव्हता. पुढे एमआयटीमध्ये डॅनियल कोह्न, लेस्ली ब्रॉमबर्ग आणि जॉन हेवूड यांनी ‘प्लाझ्माट्रॉन’ या उपकरणावर काम केलं. त्यांनीही हायड्रोजन इंधनाच्याच एका भागापासून काढला. हायड्रोजनचे फायदे पुरते ठाऊक असलेल्या या मंडळींनी गाडीवर पाणी फोडण्याचा मार्ग घेतला नाही. त्याचं कारण मात्रेच्या आणि ऊर्जेच्या हिशेबात सापडतं.

बरणीतून किती निघतं

हा हिशेब एकदा नीट मांडला की वादाचा निम्मा भाग शांत होतो. घरगुती संचात साधारणपणे सहा सेल एकापाठोपाठ जोडलेले असतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दोन-सव्वादोन व्होल्ट येतात. प्रवाह वीस अँपिअर धरू. फॅरडेच्या नियमाने यातून मिनिटाला सुमारे 1.4 लिटर मिश्र वायू निघतो. त्यातला दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे 0.9 लिटर, हायड्रोजन. तासाला पाणी खर्च होतं जेमतेम 40 मिलिलिटर. हा आकडा संच बसवणाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखा आहे. बरणीतली पातळी तासाभरात यापेक्षा पुष्कळ जास्त उतरत असेल, तर ते पाणी हायड्रोजन होऊन गेलेलं नाही. तापलेल्या बरणीतून वाफ इंजिनात जाते आहे. गार पाण्याच्या टबात उलटी बाटली धरून वायू गोळा केला तर खरा वायू किती ते कळतं, कारण वाफ तिथे विरून जाते.

आता गाडीकडे पाहू. ताशी साठ मैल वेगाने, गॅलनला पंधरा मैलांच्या ॲव्हरेजने धावणारा पिकअप तासाला सुमारे 15 लिटर पेट्रोल पितो. ऊर्जेच्या भाषेत ते 133 किलोवॅट. मिनिटाला साधारण 2,300 लिटर हवा आत ओढली जाते. संचाचा हायड्रोजन त्या हवेच्या अडीच हजार भागांत एक भाग एवढा पडतो, आणि त्यातली ऊर्जा 150 वॅट, म्हणजे पेट्रोलच्या हजारांश भागाच्या आसपास. तो तयार करायला मात्र पावणेतीनशे वॅट वीज लागली. जुना अल्टरनेटर इंजिनाच्या पट्ट्याकडून घेतलेल्या शक्तीपैकी निम्म्याहून थोडी अधिकच वीज म्हणून परत देतो, त्यामुळे इंजिनावर बोजा पडला 500 वॅटचा. एवढी जास्तीची शक्ती देण्यासाठी इंजिन 1,300 ते 2,000 वॅटचं पेट्रोल जाळतं, म्हणजे एकूण खपाच्या एक ते दीड टक्का. दिलं दीड टक्क्यापर्यंत आणि परत आलं दशांश टक्का.

यावर विरोधक म्हणतात, हे शाश्वत गतीचं यंत्रच झालं, ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमातच बसत नाही, चर्चा संपली. माझ्या मते ही घाई आहे. संच स्वतःच इंधन पुरवतो असं कुणी म्हणत असेल तर हा आक्षेप पुरेसा आहे. पण जाणते समर्थक तसं म्हणत नाहीत. थोडा हायड्रोजन उरलेल्या पेट्रोलचं ज्वलन सुधारतो, असं त्यांचं म्हणणं आहे. त्यात नियमभंग काही नाही. पेट्रोल इंजिनात इंधनाच्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा चाकाकडे जातो, तेव्हा सुधारणेला जागा आहेच. म्हणून प्रश्न असा उरतो: अडीच हजार भागांत एक भाग हायड्रोजन उरलेल्या पेट्रोलची कार्यक्षमता निदान एक-दीड टक्क्याने वाढवू शकतो का? तेवढं झालं तर संच स्वतःचा खर्च भरून काढेल. वीस टक्के वाचवायचे तर वीसहून अधिक टक्के सुधारणा हवी.

समर्थकांचे मुद्दे आणि त्यांची उत्तरं

पहिला मुद्दा अर्धवट जळणाऱ्या इंधनाचा. बरंचसं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून बाहेर पडतं आणि हायड्रोजन ते जाळून टाकतो, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात ठीकठाक इंजिनात पुरवलेल्या इंधनाची पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक ऊर्जा ज्वलनात मोकळी होते. नुकसान होतं ते उष्णतेचं, रेडिएटरमधून आणि धुरातून. तेव्हा शंभर टक्के ज्वलन साधलं तरी फायद्याची कमाल मर्यादा दोन-चार टक्केच. दुसरा मुद्दा ज्वालेच्या वेगाचा आणि तो अधिक वजनदार आहे. ज्वाला झटपट पसरली तर दाब योग्य क्षणी वाढतो आणि पिस्टनला जास्त काम मिळतं. पण प्रयोगशाळांमध्ये हा परिणाम दिसला तो हायड्रोजनचा वाटा मोठा असताना. दिल्लीत ऑक्टोबर 2020 मध्ये राजघाट डेपोतून पन्नास बसवर हायड्रोजनमिश्रित सीएनजीची चाचणी सुरू झाली. त्या मिश्रणात हायड्रोजन आकारमानाने 18 टक्के होता, ऊर्जेच्या हिशेबात सहा टक्क्यांच्या आसपास. घरगुती संचाच्या वाट्यापेक्षा हे प्रमाण पन्नास पटींहून जास्त आहे. तिथेही हायड्रोजन डेपोतच नैसर्गिक वायूपासून काढला जात होता, बसच्या अल्टरनेटरवर नव्हे.

तिसरा मुद्दा, अल्टरनेटर तर फिरतच असतो, त्याची वीज फुकट आहे. ती फुकट नाही. प्रवाह वाढला की अल्टरनेटरचा विरोध वाढतो. इंजिन आयडलवर ठेवून हेडलाइट, पंखा आणि मागची काच तापवणारी तार एकदम सुरू केली की इंजिनाचा आवाज क्षणभर खाली बसतो, तो याच बोज्याने. काहींनी टपावर सौर पट्ट्या लावून यातून वाट काढली. तेव्हा वीज खरोखर बाहेरून येते, पण तीच वीज थेट बॅटरीला दिली तर अल्टरनेटरचा बोजा कमी होऊन तिचा अधिक उपयोग होतो. पाण्यातून वळसा घालण्यात तिचा मोठा भाग वाया जातो.

चौथा मुद्दा इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या गाड्यांपुरता आहे आणि खरी गुंतागुंत इथेच आहे. संच बसवूनही ॲव्हरेज वाढत नाही, असं आढळल्यावर समर्थकांनी कारण दिलं की ऑक्सिजन सेन्सरला धुरात जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, गाडीचा संगणक मिश्रण लीन झालं असं समजतो आणि उलट पेट्रोल वाढवतो. म्हणून सेन्सरचा संदेश बदलणारा एक छोटा सर्किट बोर्ड संचासोबत विकला जाऊ लागला. पण या वायूत हायड्रोजन आणि ऑक्सिजन पाण्याच्याच प्रमाणात असतात. ते एकमेकांत जळून पुन्हा पाणी होतात, जास्तीचा ऑक्सिजन उरत नाही. सर्किटने मिश्रण मात्र खरोखर लीन होतं आणि बेताने लीन केलेलं इंजिन थोडं कमी पेट्रोल खातं. म्हणजे काही मालकांना दिसलेली बचत खरी असू शकते, फक्त तिचं श्रेय पाण्याच्या बरणीकडे जातं आणि काम सर्किटने केलेलं असतं. त्याची किंमतही आहे. किंचित लीन मिश्रणावर नायट्रोजन ऑक्साइड जास्त तयार होतात आणि धुरात ऑक्सिजन उरल्यामुळे तीन मार्गी कॅटॅलिस्ट ते मोडू शकत नाही. कार्ब्युरेटरच्या जुन्या पिकअपवर सर्किटची गरज पडत नाही. तिथे संच लावताना जेट बारीक केला जातो, आणि आधी ‘रिच’, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पेट्रोलवर, चालणाऱ्या गाडीचं ॲव्हरेज तेवढ्यानेच वाढतं.

पाचवा मुद्दा शोधनिबंधांचा. समर्थकांचा सगळ्यात भक्कम आधार तुर्कस्तानातल्या चुकुरोवा विद्यापीठातून 2010 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. डिझेल इंजिनात हा वायू सोडल्यावर सरासरी 19 टक्के जास्त टॉर्क आणि 14 टक्के कमी इंधनखप मिळाल्याचं त्यात नोंदवलं आहे. असे इतरही निबंध आहेत. त्यांना बाजूला सारता येणार नाही, पण वाचताना तीन गोष्टी तपासाव्या लागतात: पाणी फोडायची वीज इंजिनाने दिली की भिंतीतल्या सॉकेटने, इंजिनाच्या आकाराच्या मानाने वायू किती होता, आणि तोच परिणाम दुसऱ्या स्वतंत्र प्रयोगशाळेला मिळाला का. छोट्या एक सिलिंडरच्या जनरेटरला मिनिटाला काही लिटर वायू दिला तर त्याचा वाटा लक्षणीय असतो. तोच आकडा पाच लिटरच्या व्ही-8 ला लावता येत नाही. निरनिराळ्या अभ्यासांतले आकडे मोठ्या बचतीपासून शून्यापर्यंत पसरलेले आहेत.

मोजमापाची अडचण

विरोधक ज्याकडे पुरेसं लक्ष देत नाहीत ती गोष्ट म्हणजे मालकांचा प्रामाणिकपणा. संच बसवून ॲव्हरेज वाढलं असं सांगणारे बहुसंख्य लोक काही विकत नाहीत. त्यांना आकडा खरोखर दिसलेला असतो. पण टाकी भरून काढलेलं ॲव्हरेज एक-दोन टक्क्यांचा फरक पकडण्याइतकं नेमकं नसतं. पंपाचं पिस्तूल कधी आधी बंद होतं, कधी उशिरा. थंडीतलं आणि उन्हाळ्यातलं पेट्रोल वेगळं असतं, वारा असतो, माल कमी-जास्त असतो. संच बसवणारा माणूस त्याच आठवड्यात प्लग बदलतो, टायरमध्ये हवा भरतो, एअर फिल्टर नवा टाकतो. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये फिल्टरचीच चाचणी घेतली. इंजेक्शनच्या आधुनिक गाडीत घाणेरडा फिल्टर बदलून इंधनखपात म्हणण्यासारखा फरक पडला नाही, कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत मात्र 2 ते 6 टक्के पडला. म्हणजे ज्या पिढीच्या पिकअपवर हे संच जास्त बसतात, तिथे साध्या फिल्टरचा परिणाम संचाच्या अपेक्षित परिणामाला सहज झाकून टाकतो. शिवाय डॅशबोर्डवर अँपिअरचं मीटर लागलं की चालवणाऱ्याचा पाय आपोआप हलका होतो. हा फायदाही खराच, पण त्याला पाणी लागत नाही.

म्हणूनच ट्रक उद्योगात एसएई जे-1321 नावाची पद्धत वापरतात. दोन सारख्या गाड्या एकाच रस्त्यावर, एकाच वेळी धावतात. एक गाडी मुळीच बदलत नाहीत, दुसरीवर उपकरण आधी न बसवता आणि मग बसवून फेऱ्या घेतात, आणि इंधन काढता येण्याजोग्या टाकीसकट तोलून मोजतात. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए तेलसंकटानंतरच्या कायद्याखाली इंधन वाचवणारी उपकरणं तपासत आली. शंभराहून अधिक उपकरणांपैकी मोजक्यांनीच थोडीफार सुधारणा दाखवली. 2009 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने डचमन एंटरप्रायझेस या कंपनीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, कारण तिने आपल्या ‘हायड्रो-असिस्ट फ्युएल सेल’ने ॲव्हरेज निदान 50 टक्के वाढतं अशी जाहिरात केली होती.

धोका आणि कायदा

बचतीचा वाद काहीही असो, धोक्याबद्दल दोन्ही बाजूंच्या जाणत्या लोकांत फारसा मतभेद नाही. हा वायू जळायला हवेची गरज नाही, त्याचा ऑक्सिजन त्याच्यासोबतच असतो, आणि पेटायला अतिशय क्षीण ठिणगी पुरते. इंजिनाने उलटा भडका मारला तर ज्वाला नळीतून बरणीपर्यंत पोचते. म्हणून मध्ये पाण्याचा बबलर, म्हणजे वायूला पाण्यातून नेणारी डबी, हवीच, आणि बरणी काचेची मुळीच नको. सर्वांत साधी आणि सर्वांत धोकादायक चूक वायरिंगची. संच थेट बॅटरीला जोडला तर इंजिन बंद झाल्यावरही वायू बनत राहतो आणि फिल्टरच्या डब्यात साठतो. जोडणी इग्निशनच्या किल्लीवर न सोडता तेलाच्या दाबावर चालणाऱ्या स्विचमधून घेतली तर इंजिन थांबताच संचही थांबतो. पाण्यात मीठ टाकलं तर विषारी क्लोरीन निघतो, खाण्याचा सोडा टाकला तर कार्बन डायऑक्साइड निघून मोजमाप फसतं, आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड कातडी व डोळे जाळतं. काही महिन्यांनी बरणीत तळाला बसणारा तपकिरी गाळ हा झिजलेल्या स्टेनलेस स्टीलचा असतो. त्यात क्रोमियमची विषारी संयुगं असू शकतात, म्हणून तो मोरीत ओतू नये.

अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यात प्रदूषण नियंत्रणाच्या यंत्रणेत ढवळाढवळ करायला मनाई आहे आणि सेन्सरला खोटा संदेश देणारं सर्किट सरळ त्या कक्षेत येतं. कॅलिफोर्नियात विकायच्या उपकरणाला हवा संसाधन मंडळाची सूट मिळवावी लागते. पण तिचा अर्थ प्रदूषण वाढत नाही एवढाच, इंधन वाचतं असा नाही. जाहिरातींत हा फरक हमखास पुसला जातो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मालकाला नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत बदल करू देत नाही, आणि असा संच लावलेल्या गाडीला आग लागली तर विम्याचा दावा अडण्याची शक्यता असतेच. महाराष्ट्रात बोलेरो पिकअप किंवा टाटा 207 चालवणाऱ्यांची गाडी बहुधा डिझेलची. त्यामुळे त्यांच्यासाठी वादाचा कोणता भाग अजून उघडा आहे, हे महत्त्वाचं ठरतं.

काय उरलं आहे

पेट्रोलच्या जुन्या पिकअपवर, गाडीच्याच विजेवर चालणाऱ्या वीस-तीस अँपिअरच्या संचाबद्दल माझ्या मते पुरावा पुरेसा आहे. वायूची मात्रा फारच कमी आहे, वीज फुकट नाही, आणि जिथे बचत दिसते तिथे लीन मिश्रण, ट्यूनिंग किंवा हलका पाय यांनी ती समजावता येते. नियंत्रित चाचणीत मोठी बचत सातत्याने दिसली तर हे मत बदलायला हवं. तोवर सिद्धतेचा भार दावा करणाऱ्यावर आहे.

डिझेलबद्दल मी इतक्या खात्रीने बोलणार नाही. डिझेल इंजिन मुळातच लीन चालतं, तिथे ऑक्सिजन सेन्सरचा गुंता जुन्या गाड्यांत नसतो, आणि हायड्रोजनचा वाटा वाढवला की काजळी कमी होते, हे अनेक प्रयोगांत दिसलं आहे. नायट्रोजन ऑक्साइड वाढू शकतात, हेही दिसलं आहे. अगदी थोड्या मात्रेत काजळीवर काही परिणाम होतो का, झाला तर इंधनखप अल्टरनेटरचा बोजा वजा जाऊन किती उतरतो, आणि लांब पल्ल्याच्या स्थिर वेगात व गावातल्या थांबत-चालत जाण्यात तो सारखाच राहतो का, यांची उत्तरं एकमताने मिळालेली नाहीत. ती मिळवायला महागडं काही लागत नाही: दोन सारखे पिकअप, तोलून मोजलेलं डिझेल, आणि चालकाला नकळत चालू-बंद होणारा संच. त्यात एक फेरी अशी हवी की संच वीज ओढतो पण वायू इंजिनात न जाता बाहेर सोडला जातो, आणि दुसरी अशी की वीज वेगळ्या बॅटरीतून येते आणि वायू इंजिनात जातो. पहिलीतून बोज्याची किंमत कळेल, दुसरीतून वायूचा फायदा. या दोन आकड्यांची वजाबाकी निरनिराळ्या इंजिनांवर आणि निरनिराळ्या प्रयोगशाळांत झाली, आणि सोबत पट्ट्या झिजल्यावर वायूचं उत्पादन किती घटतं याची नोंद राहिली, तर डिझेलच्या बाजूचा वाद आज आहे तसा राहणार नाही.